जे ऐकाल तेच लिहा

“बाई, सोमवारपासून डिक्टेशन हा देणार,” नरेंद्र म्हणाला आणि त्यानं नवाकोरा टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून त्याच्या पाठीवर थोपटलं.

रणपिसेबाईंनी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, मग नरेंद्रच्या तोंडाकडे. नरेंद्रला तेव्हा नुकतंच भरघोस मिशा ठेवायचं खूळ लागलं होतं. त्या मिशा थेट खालच्या ओठापर्यंत यायच्या. बाई क्षणभर मिशांकडे बघत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “पाटीवर लिहा.”

आम्ही सगळे माना खाली घालून फिदीफिदी हसलो. मालकाचा मुलगा झाला म्हणून काय झालं! बाईंच्या वर्गात काही विचारायचं-सांगायचं असेल तर ते पाटीवर लिहायचं, तेही शॉर्टहँडमध्ये, असा नियमच होता. नरेंद्रला शॉर्टहँडचा श येत नव्हता. त्यानं चिडून खडू उचलला, साध्या मराठीत खरडलं आणि पाटी बाईंच्या पुढ्यात ठेवली. मी पहिल्या बाकावर होते, मला सगळं दिसत होतं. ‘मुंबईहून कॅसेटी मागवल्यात. मुलं कॅसेटवर लिहितील. तुम्ही वह्या तपासायच्या. छापील उतारे नाहीत, तुम्ही स्वतः ऐकून तपासा. जमलं तर ठीक, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.’

बाईंनी वाचलं. पाटी पुसली. “बरं,” म्हणाल्या आणि घड्याळ हातात घेऊन पुढचा उतारा सुरू केला. पण त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं मी, बाईंनी एकच ओळ दोनदा वाचली.

मी पुष्पलता भापकर. नगरच्या कोर्टात स्टेनो होते, आता रिटायर होऊन घरी बसलेय. सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेण्यात गेली. जज्जसाहेबांचं, वकिलांचं, खरं बोलणाऱ्या साक्षीदारांचं आणि धडधडीत खोटं बोलणाऱ्यांचंही. मधे कोणाला ‘अहो, असं नसतं’ म्हणायची सोय नाही. आता बोलायची पाळी माझी आहे, तर नीट ऐका. आणि गोष्ट माझी नाहीच, बाईंची आहे.

एस्तर रणपिसे त्यांचं नाव. मिशनच्या आवारात एका खोलीत एकट्या राहायच्या. पांढरी सुती साडी, कमरेला खोचलेला रुमाल, केसांचा घट्ट अंबाडा. कुलथे कमर्शियल इन्स्टिट्यूट म्हणजे सायकलच्या दुकानावरचा एक लांबलचक माळा. पुढच्या भागात टायपिंगची मशिनं आणि मधे प्लायवूडची भिंत घालून मागं आमचा शॉर्टहँडचा वर्ग. पलीकडे मशिनांचा एवढा खडखडाट चालायचा, की आमच्याकडे कोणी हळू बोललं तर शेजारच्यालाही ऐकू यायचं नाही. बाई स्वतः मोठ्यांदा डिक्टेशन द्यायच्या आणि आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. बाकी सगळा कारभार खाणाखुणांनी आणि पाटीवर.

आता तुम्ही म्हणाल, विशी गाठलेली पोरं-पोरी पाटी घेऊन शिकायला? अहो, आम्हालाही लाज वाटायची. टायपिंगची पोरं जिन्यात गाठून विचारायची, “काय, आज अ अननसाचा झाला का?” माझी मैत्रीण शमीम तांबोळी तर पाटी ओढणीखाली लपवून आणायची. पण बाईंपुढे तक्रार करायची कोणाची छाती होती? त्यांच्या नाकावर माशी बसायची नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर चार इंग्रजी अक्षरं लिहिली. एल, ई, ए, डी.

“हे काय आहे, भापकर?”

“लीड,” मी ठणकावून म्हणाले. आमच्या शाळेत इंग्रजी वाचायचं म्हणजे अक्षरांना अक्षरं जोडायची आणि देवावर हवाला ठेवायचा.

बाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. “पुढारपण करणं म्हणजे लीड. आणि शिसं असेल तर?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“तर लेड. स्पेलिंग तेच.” त्यांनी खाली दुसरा शब्द लिहिला, टी, ई, ए, आर. “डोळ्यातलं पाणी असेल तर टिअर. कागद फाडायचा असेल तर टेअर.” मग तिसरा. “वारा असेल तर विंड. घड्याळाला किल्ली द्यायची असेल तर वाइंड. टाइप केलंत की यातले दोन्ही एकसारखेच दिसणार, कोण कुठला कळणार नाही. शॉर्टहँडमध्ये तसं चालत नाही. शॉर्टहँड स्पेलिंग विचारत नाही, आवाज विचारते.” असं म्हणून त्यांनी खडूनं दोन चिन्हं काढली. लेडचं चिन्ह रेघेवर बसलं होतं. लीडचं रेघेला छेदून खाली उतरलं होतं, कारण स्वर बदलला की चिन्हाची जागा बदलते. “जे ऐकाल तेच लिहा. ऐकायला हवं होतं ते नाही. जे ऐकलंत ते.”

मला काय वाटलं म्हणून सांगू! इंग्रजीनं मला शाळेत रडवलं होतं. एकच शब्द आज असा वाचला तर छडी, उद्या तसा वाचला तर छडी. आणि इथं एक बाई एक चिन्ह रेघेवर आणि एक जरा खाली काढून सांगत होत्या की वेडी तू नव्हेस, शब्दच दोन आहेत. मी त्या दिवसापासून बाईंची झाले.

आणि बाईंची करामत तर विचारूच नका. घरी अभ्यासाला छापील उतारा द्यायच्या, तो शॉर्टहँडमध्ये लिहून आणायचा. एकदा नळदुरुस्तीवर उतारा होता. मी वही दिली. बाईंनी नुसती नजर फिरवली आणि म्हणाल्या, “भापकर, शिशाच्या नळीला अजून लीड म्हणतेस?”

मी चक्रावले. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! घरी, माझ्या खोलीत, मनातल्या मनात वाचलेला शब्द बाईंनी ऐकला कसा? शमीमला म्हणाल्या, “तांबोळी, तू शेवटचा ड खातेस.” बबन झरेकर नावाचा पारनेरकडचा धिप्पाड गडी होता, त्याला म्हणाल्या, “झरेकर, घाबरल्यावर तू स चा श करतोस.” बबन दिवसभर स्वतःशीच स आणि श म्हणून बघत बसला.

“बाईंना भूत वश आहे,” तो म्हणाला.

“ख्रिस्ती लोकांत भूत नसतं रे,” शमीम म्हणाली.

“मग येशू सांगत असेल.”

असा सगळा वर्ग. आणि आता नरेंद्र म्हणत होता, दुसरा माणूस बघू. बाईंचं त्या वर्गाबाहेर होतं काय? लग्न नाही, पुढंमागं कोणी नाही. रविवारी चर्च आणि बाकी सहा दिवस आम्ही. पगार बंद झाला असता तर त्यांनी काटकसरीनं निभावलं असतं. वर्ग बंद झाला असता तर त्यांनी काय केलं असतं, हे मला सुचेना.

सोमवारी टेपरेकॉर्डरच्या पूजेला स्वतः अण्णा आले. अण्णा कुलथे म्हणजे नरेंद्रचे वडील, इन्स्टिट्यूटचे मूळ मालक. एके काळी कलेक्टर कचेरीत स्टेनो होते, गुडघे गेल्यापासून घरीच असायचे. बबननं त्यांना जवळजवळ उचलून जिना चढवला. नरेंद्रनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आम्हाला खोबऱ्याचा तुकडा मिळाला. बाईंनीही घेतला आणि हसून “थँक्यू” म्हणाल्या.

“बाई, ऐका आता उच्चार कसे असतात ते,” नरेंद्र म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

कॅसेटवरचा माणूस रुबाबदार आवाजात सुरू झाला. युद्धातून परतलेल्या सैनिकांबद्दल काहीतरी उतारा होता. आम्ही लिहायला लागलो. बाई नेहमीसारख्या बाकांमधून फिरत होत्या, हात मागं बांधून, एकेकाच्या पेन्सिलीकडे बघत. सगळं झकास चाललं होतं. अण्णांनी मान डोलावली.

आणि मधेच कॅसेटनं दगा दिला. आत टेप गुंतली आणि त्या रुबाबदार माणसाचा आवाज ताणला जाऊन रेड्यासारखा रेकायला लागला. आम्हाला हसू आवरेना. पेन्सिली थांबल्या. आतली चक्रं मात्र गोल फिरतच होती.

बाईंनी थांबलेल्या पेन्सिली पाहिल्या. फिरणारी चक्रं पाहिली. आणि कडक आवाजात म्हणाल्या, “थांबलात का? उतारा चालू आहे. लिहा!”

हसणं जागच्या जागी विरलं. यंत्र रेकतच होतं आणि बाई आमच्याकडे बघत होत्या, “लिहा म्हणते ना!”

सगळं एकदम लख्ख कळलं मला. पाटी. टक लावून तोंडाकडे बघणं. नरेंद्रच्या मिशा. आई गं, म्हटलं, बाईंना ऐकूच येत नाही!

नरेंद्रलाही कळलं. त्यानं यंत्र बंद केलं आणि हळूच बाईंच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. “बाई?” म्हणाला. बाई हलल्या नाहीत. “बाई!” तो ओरडला. मग त्यानं त्यांच्या कानापाशी हात नेऊन फाडकन टाळी वाजवली. आम्ही सगळे दचकलो. बाई तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले, आमची नजर कुठं आहे ते पाहिलं आणि सावकाश मागं वळल्या. नरेंद्रचे हात अजून हवेतच होते.

मला त्या वेळी त्याचा असा संताप आला, काय सांगू! दौत असती तर फेकून मारली असती.

“नरेंद्र, खाली घे हात,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, बहिऱ्या आहेत या! ठार बहिऱ्या! बहिरी बाई शॉर्टहँड शिकवते म्हटल्यावर गाव हसेल आपल्याला. आणि इतके दिवस आपल्याला फसवलं.”

बाईंना त्याचं बोलणं कळलं नव्हतं, पण काय बोलला असेल ते कळायला कान कशाला लागतो? त्या अण्णांकडे वळल्या. अण्णा रोज तुळतुळीत दाढी करणारे, संथ बोलणारे, त्यांचे ओठ बाईंना स्पष्ट दिसायचे.

“केव्हापासून, बाई?” अण्णांनी विचारलं.

“मला क्षय झाला होता, तेव्हापासून. इंजेक्शनं दिली. जीव राहिला, कान हळूहळू गेले. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही ठेवलं असतं मला?”

ठेवलं नसतं, हे अण्णांच्या तोंडावरच दिसत होतं.

“पण मग दरवर्षी पोरं पास होतात ती कशी?” त्यांनी विचारलं.

“भापकर, तुझी वही,” बाई म्हणाल्या. “तांबोळी, तुझी. झरेकर, तुझीपण.”

आम्ही दिल्या. बाईंनी तिन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या आणि कॅसेटवरचा उतारा मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. न अडखळता, धाडधाड. जो त्यांनी जन्मात ऐकला नव्हता तो उतारा! जिथं तो माणूस दम खायला थांबला होता, तिथं त्याही थांबल्या, कारण तिथं आमच्या ओळीत मोकळी जागा सुटली होती. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “माणूस घाईचा आहे. परिच्छेद संपताना आवाज खाली टाकतो, तिघांनीही शेवटचे शब्द गिचमिड लिहिलेत. आणि सैनिकाच्या जखमेला वाउंड म्हणालाय. वाउंड म्हणजे गुंडाळलेलं. जखम असेल तर वूंड. मुलांची चूक नाही, तिन्ही वह्यांत तेच आहे.”

अण्णांनी बबनची पेन्सिल मागून घेतली, कॅसेटच्या भोकात घालून गुंतलेली टेप हळूहळू गुंडाळली आणि यंत्रात परत घातली. ते वाक्य आलं. वाउंड. अण्णा यंत्राला कान लावून दोनदा ऐकून खुर्चीत मागं रेलले.

“म्हणजे तुम्ही आमच्या वहीतून ऐकता!” बबन मोठ्यांदा म्हणाला. मग जीभ चावून त्यानं पाटी उचलली आणि तेच लिहून वर धरलं.

बाई हसल्या. “शंका पाटीवर लिहायला का लावते, आता कळलं? साध्या अक्षरांत लिहिलंत तर मला फक्त शब्द कळतो. शॉर्टहँडमध्ये लिहिलंत तर तुमचा आवाज कळतो. तुझा श दिसतो मला, झरेकर.”

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. अहो, येणारच! कान गेलेल्या माणसानं स्वतःसाठी ऐकायची अशी वाट शोधून काढली होती आणि आम्ही बावळट तिला शिस्त समजत होतो.

पण नरेंद्र ऐकतो कसला! तो अण्णांच्या पुढ्यात येऊन म्हणाला, “मुलांचं वहीतून ऐकतात, ठीक आहे. यांचं स्वतःचं काय? बहिऱ्या माणसाला आपला उच्चार बिघडलेला कळत नाही. उद्या या काहीतरी भलतंच बोलतील आणि पोरं ते घोटून परीक्षेला जातील. मग?”

वाईट वाटलं, पण बोलण्यात तथ्य होतं. अण्णांनी तेच बाईंना सावकाश विचारलं.

“तेही वहीतच बघते,” बाई म्हणाल्या. “पाच वह्यांत पाच निरनिराळ्या चुका असल्या तर त्या पोरांच्या. पाचही वह्यांत एकच चूक असली, तर ती माझी. म्हणून रोजच्या रोज वह्या तपासते. घरी जाऊन आरशासमोर तो शब्द घोटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्यापुढे म्हणून बघते.”

अण्णांनी हनुवटी चोळली. मग म्हणाले, “बाई, आत्ता द्या डिक्टेशन. माझ्यासमोर. स्पेलिंग एक आणि उच्चार दोन, असे तुमचे शब्द असलेला उतारा घ्या. मी स्वतः ऐकतो आणि नंतर वह्या बघतो. बोलण्यात गडबड दिसली तर मात्र, बाई, मला नरेंद्रचं ऐकावं लागेल.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

आम्ही पेन्सिलींना टोकं काढली. शमीमनं टोक दोनदा मोडलं. बाईंनी घड्याळाला किल्ली दिली, कागद घेतला आणि सुरुवात केली. एका गावच्या पुढाऱ्यावर उतारा होता. लीड आलं, लेड आलं, विंड आलं, वाइंड आलं. सगळं लखलखीत. नरेंद्र दाराला टेकून उभा, अण्णा डोळे मिटून. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता.

आणि पुढारी वारला. त्याच्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, असं वाक्य होतं. बाई म्हणाल्या, टेअर्स.

टिअर्स नव्हे. टेअर्स. फाडायचं ते.

अण्णांचे डोळे उघडले. नरेंद्र दारापासून सरळ झाला.

शमीमची पेन्सिल माझ्या शेजारीच चालत होती. तिनं पापणी न लवता चिन्ह रेघेला छेदून खाली उतरवलं. टिअर्स. म्हणजे बाई बरोबर बोलल्या, असं. मागं बबननंही तसंच केलं असणार, मला न बघताही खात्री होती. का करू नये? अण्णा वह्या बघणार होते. सगळ्या वह्यांत बरोबर असलं, की अण्णांना वाटलं असतं, आपल्याच कानाची चूक झाली. म्हाताऱ्याचा कान, त्यात पलीकडे मशिनं. बाई वाचल्या असत्या.

माझी पेन्सिल अडली. एका रेघेचा प्रश्न. खाली उतरवलं तर बाई राहतात, रेघेवर ठेवलं तर बाई जातात. बाई बोलत पुढं चालल्या होत्या, शब्द येत होते, माझे शब्द सुटत होते. मनात म्हटलं, पुष्पे, लिही की खाली, कोणाचं काय जातंय! आणि त्याच वेळी पहिल्या दिवशीचं वाक्य डोक्यात घुमत होतं. ऐकायला हवं होतं ते नाही. जे ऐकलंत ते.

मी चिन्ह रेघेवर ठेवलं. टेअर्स. आणि देवा, हे मी काय केलं, म्हणून डोळे गच्च मिटले.

बाईंचा आवाज थांबला.

डोळे उघडले तर बाई माझ्या बाकाशी उभ्या. फिरता फिरता आल्या होत्या आणि माझ्या वहीवर वाकून बघत होत्या. त्यांनी ते चिन्ह पाहिलं. ओठांतल्या ओठांत तो शब्द म्हणून बघितला, एकदा, दोनदा. गळ्यावर बोट ठेवून पुन्हा म्हटला. मग ताठ उभ्या राहिल्या.

“खोडा,” म्हणाल्या. “चूक माझी आहे. बायकोच्या डोळ्यांतलं पाणी. टिअर्स. पुन्हा घ्या.” आणि त्याच वेगानं, त्याच आवाजात पुढचं वाक्य सुरू केलं. उतारा संपेपर्यंत थांबल्या नाहीत.

नरेंद्र पुढं आला, “बघा अण्णा! मी म्हणत नव्हतो?”

“तू गप बस,” अण्णा म्हणाले. त्यांनी माझी वही मागितली. ते खोडलेलं चिन्ह नीट पाहिलं. मग काठी टेकत स्वतःच उठले, बाईंच्या समोर गेले, त्यांना ओठ दिसतील असे उभे राहिले.

“रणपिसेबाई, मी आयुष्यभर साहेबांची डिक्टेशनं घेतली. कान शाबूत असलेले साहेब. चुकीचं बोलायचे आणि मी बरोबर लिहायचो, म्हणून माझं नाव झालं. एकाही साहेबाला आपली चूक बोलता बोलता सापडलेली मी पाहिली नाही.” त्यांनी टेपरेकॉर्डरकडे बोट केलं. “ते यंत्र राहू दे, शनिवारी सरावाला लावा. वर्ग तुमचा आहे.”

नरेंद्रचा चेहरा असा पडला की विचारू नका. पुढच्या महिन्यात त्यानं मिशा मात्र कापून बारीक केल्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यासाठी मी त्याला माफ केलं.

अण्णा गेल्यावर बाईंनी उरलेल्या वह्या गोळा केल्या. शमीमची वही उघडली आणि बघत राहिल्या. मग बबनची. मग बाकीच्यांच्या. सगळ्यांनी पहिल्यापासूनच टिअर्स लिहिलं होतं, खोडलेलं काहीच नव्हतं. एकानंही चूक दाखवली नव्हती. अण्णांनी माझी वही सोडून दुसरी मागितली असती, तर काय झालं असतं कोण जाणे.

“तांबोळी, मी काय म्हणाले होते? खरं सांग.”

शमीमनं पाटी उचलली आणि रडत रडत लिहिलं. टेअर्स.

“मग वहीत हे का?”

‘तुमच्यासाठी,’ शमीमनं लिहिलं.

मला वाटलं, बाई आता फाडून खातील. पण त्यांनी शमीमच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना आम्ही कधी कोणाला असं जवळ घेताना पाहिलं नव्हतं.

“माया केलीस, कळलं मला,” त्या म्हणाल्या. “पण पुन्हा करू नकोस. कोणीच करू नका. कान गेले तेव्हा मी बहिरी झाले नाही, कारण तुमच्या वह्या होत्या. तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहायला लागलात, की त्या दिवशी मी खरी बहिरी होईन.”

पलीकडे मशिनं खडखडत होती. बबननं हळूच त्याची वही ओढून घेतली, ते चिन्ह खोडलं आणि रेघेवर नवं काढलं. ते बघून बाकीच्यांनीही.

आम्ही सगळे ती परीक्षा पास झालो. मला कोर्टात नोकरी लागली. कोर्टात माझं एक नाव होतं, की भापकरबाईंच्या कागदात साक्षीदाराचा शब्द इकडचा तिकडे होत नाही. वकील मंडळी खोदून विचारायची, कुठं शिकलात म्हणून. मी सांगायचे, पाटीवर.

बाई खूप वर्षं शिकवत राहिल्या. थकल्यावर मिशनच्या आवारातल्या त्याच खोलीत असायच्या. मी दर नाताळला जायचे, पर्समध्ये पाटी आणि खडू घेऊन. वर्ग बंद झाल्यापासून त्यांचं बोलणं हळूहळू बिघडत चाललं होतं. रोज लिहून दाखवणारं कोणी उरलं नव्हतं ना! शेजारच्या बाया त्यांचं बोलणं कळलं नाही तरी हो हो म्हणायच्या, मायेनंच. बाई मग गप्पच राहायला लागल्या होत्या.

शेवटच्या नाताळला गेले तेव्हा खाटेवर बसल्या होत्या. मला पाहून तोंडभर हसल्या आणि म्हणाल्या, “आलीस का, बापकर?”

मी पाटी काढली. हात जरा अडला. मग जसं ऐकलं तसं लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी चष्मा लावला, पाटी डोळ्यांजवळ नेली. “बापकर?” म्हणाल्या. “अगं बाई! इतकी बिघडले का मी?” आणि खळखळून हसल्या. गळ्यावर बोट ठेवलं. ओठ मिटून, श्वास घेऊन, चार-पाच वेळा घोटलं. प्रत्येक वेळी मी लिहिलं, प्रत्येक वेळी त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. नाही, अजून नाही.

मग पुन्हा एकदा म्हणाल्या. मी लिहिलं. बाईंनी पाटी पाहिली आणि ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

“भापकर,” त्या म्हणाल्या. “आलीस का?”